ड्रायव्हर सापडत नाही

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे,
ओटियाच्या बेकरीमागच्या पिठाच्या खोलीत
भिंतींना ब्लँकेटं ठोकलीत, आवाज घुमू नये म्हणून.
मैद्याच्या पोत्यांवर फळी, फळीवर जावयाचा लॅपटॉप,
शेजारी ती लाल पेटी, वहीएवढी,
दोन माइक लागतील इतकीच तोंडं असलेली.

दोन पुरेत. गाणारेही दोनच उरलेत.
खर्ज लावणारा गोदेर्झी
फेब्रुवारीपासून पोलंडात मालट्रक हाकतो.
बेत असा, की वरचे दोन आवाज इथं धरायचे,
फाइल पाठवायची, खालचा तो तिथून भरेल,
आणि ऑगस्टात, धाकटीच्या लग्नात,
तिघं शेजारी उभे असल्यासारखे वाजतील.

पेटीचा दिवा लागलाय.
लॅपटॉप म्हणतो, असं काही इथं नाही.

इंग्रजी एकट्या टेकलेला येतं, वय वर्षं पंधरा,
सुट्टीत पाव बांधायला येते.
ती वाचून दाखवते : ड्रायव्हर सापडत नाही.
जुंबेर हात वर करतो.
एकोणतीस वर्षं टॅक्सी चालवलीय त्यानं.
"सांग त्याला, मी इथंच बसलोय."
पहिल्यांदा सगळे हसले.
चौथ्यांदा म्हणाला तेव्हा
ओटियानं नुसती शेगडीकडे मान फिरवली.

जुना ड्रायव्हर काढला, नवा घातला.
बंद केलं, चालू केलं.
नवाही काढला, त्याच्या आधीचा शोधून आणला.
कंपनीला फोन लावला तर
दुसऱ्या टोकाला चाळीस मिनिटं सतार की गिटार असलं काहीतरी,
फार स्वच्छ, एकही खरखर नाही.
मग लॅपटॉपनं विचारलं,
याच्यावर कुणाची सही नाही, आत घेऊ का?
"घे म्हणावं," ओटिया म्हणाला,
"दारात आलेल्याकडे कुणी कागद मागतं का?"
घेतला. तोही येऊन गप्प बसला.

अकरा वाजता नातेला आली, पहाटेचं पीठ मोजायला.
तिनं लॅपटॉपकडे बघितलंच नाही,
बघितलं ते वायरीकडे.
"माझ्या टॉर्चची आहे ही.
मोबाइलला लावून बघितली होती ईस्टरला,
चार्ज होतो, फोटो मात्र एक जात नाही."
आणि आधण ठेवायला निघून गेली.

चार तास.
नुसती वीज वाहून नेणारी वायर,
निरोप पोचवणं जिच्या बापजन्मात नाही,
आणि आम्ही सांगाड्यापर्यंत सोलला होता तो बिचारा लॅपटॉप.

(आम्ही म्हणजे मीही. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.
मला गाता येत नाही, म्हणून मला हेडफोन दिला होता.)

मूळची वायर कुठंय, ते जुंबेरला तेव्हा आठवलं.
विमानतळावर गोदेर्झीचा फोन मेला होता.

टेकलेनं स्वतःची वायर लावली.
यादीत पेटीचं नाव उमटलं, काही झालंच नाही अशा थाटात.

मग गायले. आधी तडतड,
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.
टेकलेनं एक आकडा वाढवला, तडतड गेली,
पण स्वतःचा आवाज कानात जरासा मागून येऊ लागला.
"दोन्हींतलं एकच मिळेल," ती म्हणाली.
ओटिया म्हणाला, "उशीर चालेल."

रात्री एकला फाइल गेली.
पोझनानजवळच्या थांब्यावरून उत्तर आलं :
ऐकली. केबिनमध्ये म्हणून बघतो, इंजिन बंद करून.
खाली एक फोटो, डॅशबोर्डाच्या कप्प्याचा.
वायर तिथं, नीट गुंडाळलेली.

जुंबेरला दीडच्या गाडीचं गिऱ्हाईक होतं.
स्टेशनवरून निघाल्यावर चढावर त्यानं
न राहवून गोदेर्झीची बाजू धरली, चुकीच्या पट्टीत.
मागची बाई पुढं झुकली :
"गिअरबॉक्समधून येतोय का हो आवाज?"
"हो," तो म्हणाला,
"दाखवायला हवी कुणाला तरी,"
आणि वळणापर्यंत तसाच घुमत राहिला.